थांबायच्या जागा

पोटरीत गोळा येतो तो नेमका
लग्नाच्या झग्यांच्या दुकानापाशी.
हामाझास्प थांबतो, हात पाठीमागे बांधतो,
काचेआडच्या पांढऱ्या लेसकडे असा बघतो
की घरात उपवर मुलगी असावी.
आम्हाला दोन मुलगे. दोघेही रशियात, विटा रचतात.
दोन मिनिटं. गोळा विरतो. तो पुढे निघतो.
समोरच्या फुटपाथवरून मी सगळं बघते,
पिशवीत बटाटे.

नर्स आराक्सी म्हणाली होती :
दुखेपर्यंत चाला. दुखलं की थांबा.
थांबलं की पुन्हा चाला.
गोळी सकाळी एक, रात्री एक. सिगारेट बंद.
आणि मीठ —
इथे त्याने तिच्याकडे असं पाहिलं
की तिने त्याच्या आईबद्दल काही वावगं काढलं असावं.

चाळीस वर्षं खारवलेलं चीज, खारवलेली कोबी,
मीठ चोळून वाळवलेलं मांस.
खाल्ल्या मिठाला रक्त जागत होतं :
एकशे ऐंशी, एकशे चौऱ्याहत्तर.
मी बरणी वरच्या फळीवर ठेवली.
स्टुलावर चढणं त्याच्या पायाला जमत नाही.
तरी शेजारच्या गारुशकडे जाऊन
तो लोणच्यातली काकडी खाऊन येतो,
मिशांना बडीशेपेच्या पाल्याचा वास येतो.
मी काही बोलत नाही.
रविवारी पट्टा बोलतो.
पट्टा फुगतो, दंड आवळतो,
‘श्वास धरू नकोस,’ मी म्हणते
आणि स्वतःच धरते.
एकशे बावन्न. एकशे अठ्ठेचाळीस.
गारुशच्या वाढदिवसानंतर एकशे एकाहत्तर.

मार्चमध्ये गोळा चष्मेवाल्यापर्यंत सरकला.
मेमध्ये घड्याळजीपर्यंत.
घड्याळजीला वाटतं, ह्याला घड्याळ घ्यायचंय;
एकदा त्याने किंमतही उतरवली.

काल त्याने घड्याळजीला मागे टाकलं
आणि मी मनात टाळी वाजवली,
पण पुढे दुकानच नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपापासूनची मोकळी जागा,
पत्र्याचं कुंपण, कमरेएवढं गवत.
ह्याच पायांवर तो तेव्हा तीन दिवस
काळे दगड उपसत उभा होता.
बघायला काच नाही, लेस नाही, काटे नाहीत.
भर रस्त्यात तो वाकला,
पोटरी दोन्ही हातांत धरून.

मी रस्ता ओलांडला.
‘दुखतंय?’
‘दुखतंय,’ तो म्हणाला. वर्षात पहिल्यांदा.
मग म्हणाला, ‘सहाशे बारा पावलं.
आणि तू बटाटे रोज का घेतेस?’

आम्ही गवत बघत उभे राहिलो,
दोन मिनिटं,
कदाचित तीन.