फेरमूल्यांकन

पाथर्डी फाट्यावरच्या त्या इमारतीचा
भाव मीच लिहिला होता. तीनदा.
चौतीसशे, मग बेचाळीसशे,
मग साडेपाच हजार, चौरस फुटाला.
आधार म्हणून शेजारच्या इमारतीचा भाव,
तोही मीच लिहिलेला.

बँकेतल्या क्षेमकल्याणी बाई चहा मागवायच्या.
म्हणायच्या, सर, एवढा आकडा बसवा, फाईल अडलीये.
मी बसवायचो. तोही बसायचा,
घरच्यासारखा, मांडी घालून.

पुढचं फार उशिरा कळलं:
अशा हजारो फायलींची मोळी बांधतात,
घेणारा ती सोडून पुन्हा वेगळी बांधतो,
आणि कुठल्याशा बर्फाळ शहरातल्या
निवृत्त मास्तरांच्या फंडात
चारशे दोनच्या न्हाणीघराएवढा तुकडा जाऊन पडतो.
त्या मास्तरांना पाथर्डी माहीत नाही.
मला त्यांची पेन्शन माहीत नव्हती.

मग एका गुरुवारी तिकडे कुणीतरी म्हणालं,
ही मोळी जरा सोडून दाखवा.

बस, एवढंच.
रात्रीपुरते उसने देणाऱ्या बँकांनी
एकमेकींचे फोन उचलणं सोडलं.
तारणाला तारण मागू लागले.
सातपूरच्या पत्रा कारखान्याची लिमिट निम्मी झाली.
(त्याचा या इमारतीशी काय संबंध?
हेच मालक काउंटरवर विचारत होते.)
लिफ्टचा सांगाडा अंबडच्या गोदामात राहिला.
टाइल्सवाले तांबोळी उधारीच्या वहीवर
वीट ठेवून बसले,
पानं उलटू नयेत म्हणून.

काल बँकेचं पत्र: आजचा भाव कळवावा.
टेप घेऊन गेलो.
नमुना फ्लॅटमध्ये टेबलावर प्लास्टरची सफरचंदं,
एकावर कुणाचे तरी दात.

सातव्या स्लॅबवर बुधा लिलके, हरसूलचा, रखवालदार,
चार महिने पगार नाही,
गोणपाटावर पाणी मारत होता.
अरे, आता कशाला?
म्हणाला, साहेब, मालक पळाला, ते स्लॅबला काय माहीत?
अठ्ठावीस दिवसांनंतर काँक्रीट पाणी मागत नाही
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
मीही नाही सांगितलं.

खाली सहाशे तीनच्या कठडा नसलेल्या गॅलरीत आलो.
समोर पांडवलेणीचा डोंगर. त्या देखाव्याचे
फुटामागे दोनशे जास्त घेतले होते.
माझ्याकडून.
गुडघ्यावर फॉर्म ठेवला. घेणारा कोण, रकाना रिकामा.
भाव, रकाना रिकामा.
वरून लिलकेचं पाणी
थेंब थेंब कागदावर पडत राहिलं
आणि मी कागद बाजूला घेतला नाही.