बर्फाचे हातमोजे

अक्कलकोट रोडला माझं दुकान. हातमोजे विकतो.
वेल्डिंगचे, ॲसिडचे, वायरमनचे पिवळे,
बेकरीवाल्यांचे कोपरापर्यंतचे.
या गावात हात वाचवायचा तो आगीपासून,
एवढंच तीस वर्षं मला ठाऊक.

गड्ड्यावर पाळणे उभे राहत होते त्या आठवड्यात
एक पोरगी आली, हरिप्रिया चिट्याल,
पायात एनसीसीचे बूट, सायकल भिंतीला टेकवलेली.
म्हणाली, काका, बर्फावरचे आहेत का?
स्कीइंगला निवड झालीय. गुलमर्ग. एकवीस दिवस.
डोक्यावर पंखा फिरत होता, जानेवारी असून.
मी म्हणालो, बर्फाचे म्हणजे, रसवंतीवाल्यांचे?

ती हसली नाही. मोबाईलवर एक जोडी दाखवली:
पुण्यात मिळते, चार हजार आठशे.
मग काउंटरवर स्वतःचे पैसे मोजले,
सहाशे सत्तर. काही नोटांना तंबाखूचा वास.
"मागच्या बॅचच्या मुलीनं स्वस्तातले नेले,
तिसऱ्या दिवशी अंगठा उसवला. टिकाऊ पाहिजेत."

टिकाऊ. हा शब्द कानावर आला
की मी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो.

तीन जोड काढले. पण पारखायचे कुठं?
आगीचे मोजे मी चहाच्या स्टोव्हवर दाखवतो.
शटर अर्धं ओढलं आणि गेलो दोघं
स्टेशनमागच्या बर्फाच्या कारखान्यात.

दस्तगीर तिथं लाद्या ओढतो, गोणपाटाच्या तुकड्यानं,
तो सापडला नाही तर उघड्या हातानं.
"घाला," म्हणाला, "आणि धरा. मी मोजतो."

पहिला रबराचा. साठ मोजेपर्यंत लाकूड झाला.
दुसरा आमचा अभिमान, टेरी टॉवेलचा, दुहेरी,
ज्याच्या जिवावर हे गाव कुठल्या कुठल्या देशांची तोंडं पुसतं.
तिसातच तिनं हात झटकला.
"टावेल पाणी पिऊलालाय की ओ शेठ," दस्तगीर म्हणाला,
"त्याचं कामच ते.
गारव्यानं हात मरत नाही. ओल्यानं मरतो."

जगात अशी एक जागा आहे
जिथं सोलापूरचा टॉवेल खोटा ठरतो,
हे गिळायला मला जरा वेळ लागला.

तिसरा चामड्याचा, ट्रकवाले वापरतात तो. दोनशे चाळीस.
दोनशेपर्यंत मोजलं त्यानं, मग कंटाळून विडी पेटवली.
लादीवर पाच बोटांचा ठसा उमटला होता,
विरघळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

बाकीचं तीन दिवसांत झालं, घाईघाईत.
तिम्मण्णानं अंगठ्याला बुटाच्या दोऱ्यानं दुहेरी टाका घातला.
आतलं अस्तर मायाप्पाच्या घोंगडीच्या उरल्या पट्टीचं.
(टोचतं, ती म्हणाली. टोचू दे, तो म्हणाला, जागी राहशील.)
मेण मी स्वतः वितळवलं, चहाच्या पातेल्यात,
आणि चामड्यात चोळलं, पत्र्यावर बसून,
बारा वाजताच्या उन्हात. ऊन तेवढं आम्हाला फुकट.
खर्च पाचशे दहा. एकशे साठ परत केले.
त्या पातेल्यातला चहा अजून मेणचट लागतो.

मार्चमध्ये ती आली, नाकाचं साल निघालेलं.
जोडी काउंटरवर ठेवली. मी उलटीसुलटी करून पाहिली.
उजव्या तर्जनीला खरचटलंय, अंगठा जागच्या जागी.
विचारलं, कसं असतं तिथं?
तिनं बराच विचार केला.
"आवाज नसतो, काका. मागाचा नाही, कशाचाच नाही.
पहिल्या रात्री झोपच लागली नाही."
मैत्रिणींसाठी आणखी चार जोड सांगून गेली.

आता मे. रॅकवर नवी चिठ्ठी लावलीय: बर्फाचे.
गिऱ्हाइकं वाचतात, मग माझ्याकडे बघतात.
दुपारी शटर तव्यासारखं भाजतं.
ओढायच्या आधी मी नमुन्याचा डावा मोजा चढवतो.
आत घोंगडी टोचते.
टोचू दे.