एक नंबरची चिठ्ठी

ग्वाल्हेर, मेळ्याचं मैदान, जानेवारी.
चिठ्ठी मीच काढली, चहाच्या डब्यातून.
बोटं थंडीने बधिर, तरी
एक नंबर आला: आतली बाजू, दबलेली माती.
जयू खासगीवाले हसला,
"तुझ्या हाताला गुण आहे गं, पमे."

पहिलं वळण ऐंशी पावलांवर.
काय ठरायचं ते तिथवरच ठरतं,
पुढच्या फेऱ्या नुसत्या हिशेबाच्या,
असं तो नेहमी सांगायचा.

झेंडा पडला.
अकरा गाड्या धुक्यात शिरल्या.
बारावी, आमची, जागीच खोकत राहिली.
चोक आत ढकलायचा राहिला होता.
माझ्याकडून.
चिठ्ठीच्या आनंदात.

मग वळणावरून पत्र्याचा आवाज,
एक, परत एक,
मी मोजायचं सोडलं तरी येतच होता.

दोघांना जयारोग्यला नेलं.
उलट्या गाडीचं एक चाक
बराच वेळ फिरत होतं, घाई असल्यासारखं.
लोक जयूच्या पाठीवर थापा मारत होते, नशीब काढलंस!
तो हेल्मेट न काढता
स्टिअरिंग धरून बसलेला,
ऐंशी पावलं पुसायची राहिलेली.

पुढच्या वर्षी म्हणाला,
चिठ्ठी दुसऱ्या कुणाला काढू दे.
थोडं थांबून,
चोक मात्र तूच बघ.