समास

ओबानच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या डोक्यावर
एक खोली, एक हीटर आणि मी.
काम साधं: समोरच्या बेटावर जाणाऱ्या फेरीचं
वेळापत्रक वेबवर लावायचं.

शाळेत पान दुमडून समास पाडायचो,
नखाने घडी दाबून.
अक्षर पलीकडे गेलं
की गाडेकर बाईंची पट्टी हातावर.
इथे पानाला कडच नाही.
कुणाचं तळहाताएवढं, कुणाचं टेबलाएवढं,
तेच पान
आडवं धरलं की ऐसपैस बसतं,
उभं धरलं की पोट आत घेतं.
मी समास सोडते तो टक्क्यांत.
पट्टी कुणाच्या हातावर मारायची, कळत नाही.

कंपनीच्या फियोनाला राखाडी आवडतो.
राखाडीवर राखाडी. म्हणते, कसं शांत वाटतं.
मी तिला जिन्यावरून खाली नेलं, फोन उन्हात धरला
(ऊन इथे पाहुण्यासारखं,
त्या दिवशी नेमकं आलेलं).
अक्षरं मिठासारखी विरघळली.
शांत झालंच होतं सगळं.
ती हसली नाही. काळा मात्र मंजूर केला.

चालू फेरीला हिरवा ठिपका, बंद फेरीला लाल.
यात काय कुणाला विचारायचं?

मग नोव्हेंबरात मर्डो मॅकफेल,
निवृत्त पोस्टमन, बाजूला कुत्री,
पायाशी मेंढ्यांच्या खाद्याची दोन पोती,
पावणेदोन तास उभा
न येणाऱ्या बोटीसाठी.
जिना चढून वर आला, फोन पुढे केला:
"हे दोन्ही ठिपके मला चिखलाचेच दिसतात.
जन्मापासून."
रागावला असता तर बरं झालं असतं.
कुत्री माझा बूट हुंगत राहिली.

त्या रात्री ठिपक्यांना शब्द दिले:
सुटेल. सुटणार नाही.
बटणं अंगठ्याएवढी केली,
म्हणजे हातमोज्यातल्या अंगठ्याएवढी.
आणि सूर्यास्ताचा तो देखणा फोटो, ज्याच्यावर
माझा एक अख्खा मंगळवार गेला होता,
काढून टाकला.
बेटावर सिग्नलची एकच काडी.
फोटो उतरेपर्यंत बोट हाकेच्या पलीकडे.

काम संपलं. उगाच,
त्याच चौकटीत आईचं नाव टाइप केलं.
कुमुदिनी.
चौकट बेतलेली इंग्रजीच्या मापाने:
वरून वेलांट्या छाटल्या,
खालून उकार तुटले,
आणि मधे उरली कुणी परकी
कमादना.
मी बघत बसले. हीटर टकटक करत होता.
मग ओळीची उंची वाढवली,
थोडी, अजून थोडी,
आई डोक्यापासून पायापर्यंत मावेस्तोवर.
नाव पुसलं. उंची तशीच ठेवली.

सकाळी फियोना म्हणाली, काहीतरी बदललंय.
रंग?
नाही, म्हटलं. जरा हवा सोडलीय.

तिने मान तिरपी करून पाहिलं,
कॉफी पिऊन निघून गेली.

बाहेर वारा शिट्ट्या घालत होता.
सव्वाअकराची: सुटणार नाही.
मी खिडकीतून वाकून पाहिलं.
एक सीगल, दोरखंडाचं भेंडोळं,
ओला फळा.
धक्क्यावर कुणीच नव्हतं.