ऑर्डर क्रमांक ४४१७

एल्डोरेटला रात्रीचे अकरा वाजतात
तेव्हा ओहायोत भरदुपारी कुणाला तरी आठवतं
की उद्या निबंध द्यायचाय.
माझा दिवस तिथून सुरू व्हायचा.

एक पलंग, एक लॅपटॉप, चौघांत वाटून घेतलेलं वाय-फाय,
आणि भिंतीपलीकडे रोनोची टकटक.
तो नर्सिंग करायचा, मी इतिहास, नीतिशास्त्र, जे पडेल ते.
पानाला चार डॉलर, तातडीचं असेल तर सहा.

सात वर्षांत मी दोनदा परिचारिका झालो,
एकदा पर्यावरणतज्ज्ञ,
अडीच वेळा एमबीए –
तिसऱ्याने अर्ध्यातच पैसे बुडवले.
आकाशात उडवलेल्या त्या चौकोनी टोप्यांचे फोटो
मला कुणी पाठवले नाहीत.
माझ्या स्वतःच्या पदवीचा कागद
आईने बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय,
जमिनीच्या कागदाखाली.
सरकारी शाळेत जागा निघाली की लागेल म्हणून.

मग ती ऑर्डर आली.
प्रवेशासाठी निबंध. विषय: तुम्हाला घडवणारी व्यक्ती.
शब्द साडेसहाशे.
सूचना: अस्सल वाटलं पाहिजे.

रात्रीचे तीन. डोकं रिकामं.
मी वडील देऊन टाकले.

म्हणजे कापसाबेटच्या वळणावरचं त्यांचं सायकलचं दुकान,
दुकान कसलं, एक छत्री आणि एक उपडा क्रेट.
पंक्चर शोधायला ते ट्यूब गालाशी धरायचे.
शेजारी पाण्याची बादली असायची, तरीही.
म्हणायचे, हवा कुठून निसटते ते कातडीला आधी कळतं.
माझी फी थकली त्या टर्मला
त्यांनी स्वतःची सायकल सुटी करून विकली,
चाकं एकाला, सांगाडा दुसऱ्याला.
घंटी तेवढी ठेवून घेतली. का, ते मी विचारलं नाही.

हे सगळं उचलून मी ओहायोतल्या एका गावात नेऊन मांडलं.
चहाची कॉफी केली, उकाळ्याची कडक थंडी केली.
घंटीचं काय करावं सुचेना,
ती तशीच राहू दिली.
अठरा डॉलर. पाच तारे.
‘काय खरं वाटतं हो!’

पुढे एका मार्चमध्ये ऑर्डरी आटल्या.
यंत्र आलं होतं.
त्याला झोप नाही, वीज गेली म्हणून ते माफी मागत नाही,
आणि वडील द्यायची वेळ आली तर
त्याच्याकडे हजारोंचे आहेत.
रोनो आता बोडा चालवतो.
म्हणतो, निदान गिऱ्हाईकाचं वजन पाठीला कळतं.

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला.
विषय पुन्हा तोच.
या वेळी चहाला चहा म्हटलं,
कापसाबेटला कापसाबेट,
खाली माझं नाव, किमुताई सितिएनेई, पूर्ण.
तिसऱ्या दिवशी उत्तर:
साम्य एकाहत्तर टक्के.
सदर मजकूर अन्य विद्यार्थ्याच्या नावे आधीच जमा आहे.
मूळ प्रत गोपनीय.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणून
ओरडणार होतो,
पण यात चोर कोण
हे मांडताना माझंच बोट अडखळलं.

रविवारी वळणावर गेलो, वडिलांना सगळं सांगितलं.
ते पंप मारत होते, थांबले नाहीत.
‘त्या पोराला मिळाला का प्रवेश?’
मिळाला असावा.
‘माझ्यावर?’
हो.
अंगठ्याने टायर दाबून पाहिलं.
जरा खूश झाल्यासारखे वाटले, मला ते आवडलं नाही.
‘घंटी घातली होतीस त्यात?’
होती.
‘मग ती तेवढी परत माग.’

पुढचं गिऱ्हाईक आलं, दुधाचे कॅन लावलेली सायकल घेऊन.
त्यांनी ट्यूब माझ्या हातात दिली.
मी गालाशी धरली.
बराच वेळ काहीच कळेना.