पाणी कुठवर आलं

पहिल्या भागात तो लंगडायचा.
दिगूने महिनाभर त्याच्यासारखं चालून
नवी चप्पल एका बाजूने झिजवली,
अण्णांचा मार खाल्ला,
आणि मार खाऊन गेला तोही लंगडतच.

बावीस वर्षांनी दुसरा भाग आला.
त्याचा पाय बरा आहे.
कुणी केला, कधी, कोणत्या वैद्याने, काही नाही.
दोन भागांच्या मधल्या अंधारात
परस्पर उरकून घेतलं.

दिगू काही बोलला नाही.
काळ्या चष्म्यावर आधीच्या कुणाचा तरी अंगठा उमटलेला,
तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.
मधे ओजस, त्याच्या मांडीवर
आमच्या दुकानातल्या एका तांब्याच्या किमतीचं पॉपकॉर्न.

मग सुरू झालं.
तीन चंद्र. हजार गरुड.
डोंगर उघडला, आत दुसरा डोंगर,
तोही उघडला.
कुणी कड्यावरून पडलं की
पडायच्या आधीच कळायचं, झेलणार.

पहिल्या भागात एकच दोर होता, काथ्याचा.
त्याचा एकेक पीळ सुटत गेला तेव्हा
जुन्या टॉकिजात, पत्र्याखाली, पंखे बंद,
शेजारच्या अनोळखी बाईने माझं मनगट धरलेलं.
एक बांगडी वाढली तरी सोडेना.
मीही हात काढून घेतला नाही.

आज माझे दोन्ही हात मोकळे होते.
एकाने जांभई झाकली.

शेवटी पूर. अकरा मिनिटं पूर.
मनोरे, पूल, सोन्याचे हत्ती,
सात नगरं गिळून पाणी पुढे निघालं,
खुर्चीखालून असं काही घुमलं की दाढा हलल्या.
ओजस म्हणाला, आत्या, केवढं पाणी!
मी म्हटलं, केवढं?

खरंच विचारलं. चिडून नाही.
आमच्याकडे पाणी मोजायची रीत आहे.
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला लागलं, तर दुकान उघडं ठेवा.
कमरेला आलं, खालची फळी रिकामी करा.
छातीला, तर पितळ वर, तांबं वर,
स्टील भिजू दे.
गळ्याशी आलं की अण्णा उधारीच्या वह्या डोक्यावर घेऊन
जिन्यात बसायचे,
आणि भांडी बाजारातून दर दहा मिनिटांनी
कुणीतरी ओरडायचं, आता कुठवर?
नारोशंकराच्या घंटेचं नाव मात्र कुणी घेत नसे.
उगाच तोंडातून जायला नको.

एका वर्षी आमची पातेली तरंगत निघाली.
अंधारात एकमेकांना लागत, टण्ण,
मग बराच वेळ काही नाही,
मग पुन्हा, थोडं लांबून, टण्ण.
एवढाच आवाज.
आई मोजत होती.
एकोणचाळीसपर्यंत ऐकू आली.

पडद्यावर नावं सुरू झाली तसे लोक उठले.
दिगू बसून वाचत होता, दुकानाची यादी तपासावी तसा.
गरुडांची पिसं करणारे वेगळे, धूळ करणारे वेगळे.
नुसतं पाणी करणारे एकशे चाळीस.
कुठल्या कुठल्या शहरांतली पोरं,
डोळे लाल करून, रात्री जागून
थेंब थेंब पाणी केलं असेल त्यांनी,
आणि एवढ्या पैशात
त्यांना एक मारुती दिला नाही कुणी.

ओजसला विचारलं, आवडला का?
तो म्हणाला, हो,
आणि लगेच, आपण मिसळ खायची का?
रात्रीचा एक वाजला होता.
या वेळेला मिसळ कुठली, नाशकातसुद्धा.

जिन्यावर दिगूच्या पायाला मुंग्या आल्या. म्हणे.
रेलिंगला धरून उतरला,
पार्किंगच्या पिवळ्या उजेडातून
गाडीपर्यंत लंगडत गेला.
मागून ओजस,
अगदी तसाच,
डावा पाय जरासा ओढत.