सोनेगाव, मे, सकाळचे साडेदहा

धावपट्टी तापली की हवा खालून ढुशी देते.
नाक वर गेलं. मी दांडा दाबला.
दाबेपर्यंत ते आपणहून खाली येत होतं,
म्हणून जास्तच आलं; मग ओढला,
तोही उशिरा.
डोळ्यापासून मनगटापर्यंत
पाव सेकंदाचा रस्ता,
आणि तेवढ्यात विमान पुढे निघून गेलेलं.
वर्धा रोड काचेत वर, खाली, वर.
झोका मीच देत होते.

"काहून भांडून राहिली त्याच्याशी?"
डांगोरे सर म्हणाले. "दोन बोटं ठेव. बाकी सोड."

सोडलं.
दोन हेलकावे, एक अर्धा,
मग क्षितिज आपल्या जागी.

नंतर टपरीवर त्यांच्या हातात
बशी किणकिणत होती, चहा सांडत होता.
ते बशीकडे बघत नव्हते.